किट धुतलं तरी चौथ्या दिवशी वास परत! आमच्या घरी शेवटी सापडलेलं कारण

तक्रार नेमकी अशी होती. रविवारी लेकीचं क्रिकेटचं किट धुवायचं, वाळवायचं, सोमवारी नाक लावून बघायचं, तर काही नाही. मंगळवारीही ठीक. बुधवार-गुरुवारी प्रॅक्टिसला वीसेक मिनिटं झाली, घाम आला, की तोच वास जसाच्या तसा. परत येताना रिक्षावाला दोनदा मागे वळून बघायचा आणि मी खिडकी नसलेल्या रिक्षात खिडकी शोधायचे.

आमची लेक चौदा वर्षांची आहे. २०२२ च्या मे महिन्यात महिलांच्या टी-ट्वेंटी चॅलेंजमध्ये आपल्या सिन्नरच्या माया सोनवणेला व्हेलॉसिटी संघाकडून लेगस्पिन टाकताना तिने टीव्हीवर पाहिलं आणि हट्ट धरला. गेली बोलिंग शिकायला, सरांनी हातात विकेटकीपिंगचे ग्लोव्हज दिले. म्हणजे बॅटिंगचे ग्लोव्हज वेगळे, कीपिंगचे वेगळे, आत घालायचे इनर, दोन प्रकारचे पॅड्स, थाय पॅड, हेल्मेट, गार्ड, आणि हे सगळं कोंबायची चाकांची बॅग. इतकं सामान धुऊनही वास जाईना म्हटल्यावर जो जे सांगेल ते केलं. बादलीत जंतुनाशकाचं टोपण ओतलं. गच्चीवर कडक उन्हात दिवसभर ठेवलं. डांबरगोळ्या टाकल्या. कोविडच्या वेळचं सॅनिटायझर उरलं होतं, ते ग्लोव्हजवर फवारलं. त्या ग्लोव्हजचा तळवा पंधरा दिवसांत पापडासारखा कडक झाला आणि अंगठ्यापाशी तडकला. वास मात्र होता तिथेच.

तुमच्याकडेही हेच चाललं असेल तर पुन्हा धुवायला बसण्याआधी जरा थांबा. आम्ही वर्षभर चुकीचीच वस्तू धूत होतो.

आधी वास ओळखा

किटला दोन वास येतात आणि आपण दोन्हींना "घाण वास" म्हणून मोकळे होतो. एक आंबूस, मोज्यांचा असतो तसा. दुसरा कुबट, पावसाळ्यात बंद कपाट उघडल्यावर येतो तो.

आंबूस वास घामाचा असं आपण म्हणतो, पण ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. कातडीवरचे जीवाणू घाम आणि मेलेली त्वचा खातात आणि त्यातून तीव्र वासाची आम्लं तयार होतात. किट वाळलं की हे जीवाणू मरत नाहीत, नुसते गप्प बसतात. पुन्हा ओल आणि अंगाची ऊब मिळाली की कामाला लागतात. सोमवारी नाकाला काही लागत नाही आणि गुरुवारी वीस मिनिटांत दरवळ सुटतो, तो यामुळे. उरलेलं सॅनिटायझर किंवा परफ्यूम मारून वरचा थर बदलतो, फोमच्या आतलं वऱ्हाड तसंच राहतं.

कुबट वास बुरशीचा. ती पॅडच्या मागच्या बाजूला, पट्ट्यांच्या शिवणीत, हेल्मेटच्या आतल्या कापडावर राखाडी-हिरवट किंवा काळ्या ठिपक्यांनी दिसते, आणि कधीकधी दिसतच नाही. घामाच्या वासाला धुणं लागतं. बुरशीला हवा लागते, धुणं नंतर. आमच्याकडे दोन्ही होते, म्हणून एकाचा इलाज दुसऱ्यावर चालत नव्हता.

पिशव्यांची चाचणी

सगळं किट एकत्र ठेवून वास घेतला तर सगळ्यालाच वास येतो. म्हणून एका रात्री काळ्या कोऱ्या कचऱ्याच्या पिशव्या घेतल्या आणि एकेक वस्तू वेगळ्या पिशवीत घालून तोंड बांधून ठेवली. डावा ग्लोव्ह वेगळा, उजवा वेगळा. रिकामी बॅग चेन लावून वेगळी. सकाळी चहाच्याही आधी, नाक ताजं असताना, एकेक पिशवी उघडली. दोन वासांच्या मध्ये जरा गॅलरीत जाऊन यायचं, नाहीतर नाक लवकर बधिर होतं.

निकाल बघून मी चाटच पडले. ज्यांना दर रविवारी चोळचोळ चोळत होतो ते पॅड्स जवळजवळ निर्दोष निघाले. बॅटिंग ग्लोव्हज मध्यम. हेल्मेट बाहेरून स्वच्छ, पण कपाळाची पट्टी आणि हनुवटीचा पट्टा भयंकर. सगळ्यात वाईट वास आला तो रिकाम्या बॅगेला.

सासूबाई शेजारी वाती वळत बसल्या होत्या. म्हणाल्या, "दुधाची किटली नुसती बाहेरून घासून भागतं का गं? आणि वर झाकण लावून ठेवता."

बॅगेच्या तळाशी, अस्तराखाली, बॅग ताठ राहावी म्हणून एक पुठ्ठा असतो. आमच्या बॅगेत तो एका बाजूने शिवलेला नव्हता, हात घालून ओढला तर निघाला. म्हणजे अर्धा निघाला. उरलेला चहात बुडवून विसरलेल्या टोस्टसारखा हातातच सुटला. खालची बाजू काळी, मध्ये मोहरीएवढे पांढरट ठिपके, आणि एका कोपऱ्यात गेल्या पावसाळ्यातल्या स्पाइक्सची काळी माती वाळून खपलीसारखी चिकटलेली. ओले बूट, ओले इनर, टॉवेल, पाण्याची गळकी बाटली, सगळ्याचं पाणी अस्तरातून झिरपून तिथे जायचं आणि पुठ्ठा ते पिऊन बसायचा. स्वच्छ धुतलेलं किट आम्ही दर सोमवारी इमानेइतबारे त्याच्यावर नेऊन ठेवायचो.

पुठ्ठा फेकला. अस्तर उलटं काढून डिटर्जंटने ब्रशने घासलं, दोन दिवस पंख्याखाली ठेवलं. तळाला आता सनपॅकचा तुकडा आहे, खांबावर लावतात तो पन्हळी प्लॅस्टिकचा फलक. आमच्या नाशिकच्या कॉलेज रोडवर क्लासेसच्या जाहिरातींना तोटा नाही. पुसला की झालं, पाणी पीत नाही. बॅग खुल्या तोंडाने ठेवल्यापासून चौथ्या दिवसाचा तो वास जवळपास गेला. बाकीचं जे खाली लिहितेय ते उरलेल्या वासाबद्दल.

तुमच्या बॅगेचा पुठ्ठा शिवून बंद असेल तर शालिमारला बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. शिवण उसवून तो बाहेर काढणं त्यांना पाच मिनिटांचं काम असतं.

ग्लोव्हज: इथे घाई केली की पैसे जातात

तळवा चामड्याचा, बोटांवर फोमचे किंवा कापसाचे गठ्ठे, आत पातळ कापड. पूर्ण बुडवलं की गठ्ठे पाणी धरतात आणि आतून वाळायला तीन-तीन दिवस लागतात. तेवढ्यात आतच आंबतं. म्हणजे धुण्यानेच वास येतो. मशीनचा तर विचारच नको.

आम्ही आता असं करतो. कोमट पाण्याच्या वाटीत पातळ डिटर्जंटचे दोन थेंब. जुन्या बनियनचा तुकडा बुडवून घट्ट पिळायचा, बोटावर गुंडाळून ग्लोव्हच्या आत एकेका बोटात फिरवायचा. पहिल्या खेपेला कापड तपकिरी निघतं, ते बघून पोरांना स्वतःहून अक्कल येते. मग साध्या पाण्याच्या पिळलेल्या कापडाने दोनदा. डिटर्जंट जास्त घालू नका, ही माझी जुनी चूक. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात बोअरचं पाणी येतं, जड. त्यात साबणाची वडी वापरली की पांढरट चिकट साका राहतो, त्यावर पुन्हा घाम बसतो आणि वास आधीपेक्षा लवकर येतो. फॅब्रिक कंडिशनर तर किटला अजिबात नको. त्याचा थर धाग्यावर बसतो, कापड पाणी कमी शोषतं आणि वास धरून ठेवतं.

वाळवताना कपड्यांच्या स्टँडच्या दांड्यांवर बोटं वर करून ग्लोव्हज खोचायचे आणि खालून टेबलफॅन. बोटं खाली ठेवली की उरलीसुरली ओल टोकांना जाऊन बसते. त्याआधी अर्धा तास आत वर्तमानपत्राचे बोळे भरले तर निम्मं पाणी तेच ओढतात, पण बोळे तसेच रात्रभर ठेवू नका, ओला कागद आत राहिला तर कागद न भरलेलाच बरा. आमच्याकडे "देशदूत" येतो, आणि मागे इनरच्या बोटावर त्यातल्या राशिभविष्याची शाई उतरली होती. आता शाळेच्या जुन्या वह्यांचे कोरे कागद वापरते.

ऊन? सावलीत वारा असेल तर ऊन लागतच नाही. उन्हाने वरवरचे जंतू मरतात हे खरं, पण आत ऊन पोहोचत नाही आणि चामडं, डिंक, फोम सगळं म्हातारं होतं. एप्रिलमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा कारच्या बंद डिकीत ठेवलेली बॅग म्हणजे तर भट्टीच. आमच्या एका पॅडचा गुडघा तसाच उकलला. हेअर ड्रायर आणि इस्त्री नकोच. ग्लोव्ह अर्धवट वाळला की हातात घालून चार वेळा मूठ आवळायची, तळवा मऊ राहतो.

इनर हा खरा घाम पिणारा माणूस आहे. सुती इनरच्या तीन जोड्या ठेवा, रोज एक धुवा. मशीनला गरम पाण्याची सोय असेल तर ६० अंशांवर. बुरशीजन्य त्वचारोगाचे बीजाणू त्या तापमानाला टिकत नाहीत, थंड पाण्यात मात्र ते सहज निभावून नेतात. तीन जोड्यांना लागणारा पैसा एका कीपिंग ग्लोव्हच्या जोडीपेक्षा किती कमी, ते दुकानात जाऊन बघाच.

हेल्मेट आणि बाकीचं

हेल्मेटच्या आतले कापडी पॅड बहुतेक वेल्क्रोवर असतात. ओढून काढा, पण आधी मोबाइलवर फोटो काढा, कारण परत लावताना उजवं-डावं कळत नाही. ते हाताने धुवा. मानेमागचा क्लिपचा गार्ड असेल तर तोही काढून धुता येतो. आतल्या थर्माकोलसारख्या दिसणाऱ्या थरावर फक्त ओलं कापड, कोमट पाणी, सौम्य साबण. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, स्टिकरचा डाग काढायचा स्प्रे, यातलं काहीही नको. कवचाला आणि फोमला ते आतून पोखरू शकतं आणि वरून काही दिसत नाही. चेहऱ्यापुढची जाळी मात्र घरी कधी खोलू नका. जाळी आणि कवचाची कपाळावरची पुढची कड यांच्यातलं अंतर बॉल आत शिरू नये अशा हिशोबाने ठरवलेलं असतं. बीएस ७९२८ हे हेल्मेटसाठीचं २०१३ चं ब्रिटिश मानक त्याच चाचणीसाठी ओळखलं जातं. जाळीचे स्क्रू तेवढे कोरड्या कापडाने पुसा, नाहीतर गंजतात. आणि हातात हेल्मेट आहेच तर कवचावर केसाएवढी चीर आहे का ते उजेडात फिरवून बघून घ्या. चीर दिसली तर ते स्वच्छ करायच्या भानगडीत पडू नका, बदला.

पॅड्स: ओल्या कापडाने पुसायचे, पट्ट्या ब्रशने. जुन्या पद्धतीच्या पॅडमध्ये वेताच्या काड्या असतात, त्या भिजल्या की कुजतात, म्हणून नळाखाली धरू नका. थाय पॅड घामाने चिंब होतो आणि सगळे त्याला विसरतात. त्याची मागची बाजू ग्लोव्हसारखीच पुसायची. प्लॅस्टिकचा गार्ड रोज साबणाने, संपला विषय.

वास मारायला खायचा सोडा बरा. वासाची आम्लं तो मारतो, पण जंतू मारेल या भरवशावर राहू नका. रात्री भुरभुरायचा, सकाळी झटकायचा. काही जण सोडा आणि व्हिनेगर एकत्र करतात. फेस छान येतो, पण दोघं एकमेकांना संपवतात आणि तुमच्या हातात खारट पाणी उरतं. डांबरगोळ्यांबद्दल डॉक्टरांनी झाडलं. तो वास नुसता दुसऱ्या वासावर बसतो, आणि जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असलेल्या मुलांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटू शकतात. फ्रिजरमध्ये ठेवायचा सल्लाही मिळाला होता. थंडीने जीवाणू झोपतात, मरत नाहीत, आणि आमच्या फ्रिजरमध्ये मटार असतात.

निर्जंतुक करणं: कधी, कशाला

रोजच्या स्वतःच्या किटला जंतुनाशक लागत नाही. धुणं आणि वाळवणं पुरतं. जंतुनाशक लागतं ते वाटून वापरायच्या किटला. क्लबचं हेल्मेट एका डोक्यावरून ओलंचिंब उतरतं आणि दुसऱ्या डोक्यावर जातं.

आम्हाला याचा धडा मिळाला. लेकीच्या मनगटावर रुपयाएवढं गोल, खाजरं चट्टं आलं, कडा लाल, मध्ये साफ. औषधाच्या दुकानातून कुणाच्या तरी सांगण्यावरून ट्यूब आणली. आठवड्यात बरं वाटलं, तिसऱ्या आठवड्यात तीन चट्टे. त्वचेच्या डॉक्टरांनी ट्यूब हातात घेऊन मागचं बारीक अक्षर दाखवलं: स्टेरॉइड. त्याने खाज दबते आणि गजकर्ण आतून पसरतो. हा प्रकार आपल्याकडे सध्या फार वाढलाय, म्हणून असं चट्टं आलं तर ट्यूब स्वतः ठरवू नका. गोळ्या आणि मलम पुरे दोन महिने चाललं, तोवर कुणाचे ग्लोव्हज घ्यायचे नाहीत, द्यायचे नाहीत. फोड, पू, गरम लागणारी सूज असेल तर तेही त्याच दिवशी दाखवा, वाट बघू नका.

जंतुनाशक वापरायचं तर दोन गोष्टी लोक विसरतात. आधी मळ काढायचा, कारण मळावर मारलेलं औषध मळातच खर्ची पडतं. आणि मग पृष्ठभाग बाटलीवर लिहिलेला वेळ ओला राहिला पाहिजे. फवारलं आणि लगेच पुसलं म्हणजे अत्तर शिंपडल्यासारखं. जाळी, हनुवटीची बकल, चाकं, हँडल अशा कडक जागांना ७० टक्के अल्कोहोल चालतं. ९० च्या वरचं अधिक चांगलं असं वाटतं, पण ते पटकन उडून जातं. जंतूंची प्रथिनं मोडायला थोडं पाणी हवंच. चामडं आणि हेल्मेटचं कवच यांना मात्र ते नको, आणि देवघरात निरांजन चालू असताना शेजारी फवारू नका. प्लॅस्टिकच्या गार्डला आणि बादलीला ब्लीच चालतं: पाच टक्क्यांचं असेल तर लिटरभर पाण्यात २० मिली, दहा मिनिटं, मग भरपूर पाणी. टॉयलेट क्लीनरच्या आसपास ब्लीच आणू नका, त्या दोघांतून विषारी वायू निघतो. कोविडमध्ये घेतलेली यूव्हीची पेटी कुणाकडे पडून असेल तर ग्लोव्हसाठी तिचा उपयोग नाही. प्रकाश पडतो तेवढंच ती करते, बोटाच्या आत अंधारच.

पावसाळा

जूननंतर ग्राउंड बंद होतं, इनडोअर नेट्स चालू राहतात. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पुराचं पाणी लागलं की आमच्या घरात टॉवेलही वाळत नाही, पॅड कुठून वाळणार. दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या सुट्टीत बॅग आठ दिवस बंद राहिली आणि उघडली तर पॅडच्या मागे पीठ शिंपडल्यासारखी बुरशी.

दिंडोरीला मामेभावाचा द्राक्षबाग आहे. त्याला फोटो पाठवला, तर त्याचा फोन आला. "ताई, ही तर भुरी! फवारणी कसली विचारतेस, आधी फांद्या विरळ कर." म्हणजे काय, तर बागेत भुरी, म्हणजे द्राक्षावरची पांढरी बुरशी, यायला पाऊसच लागतो असं नाही; दाट पानांत हवा खेळली नाही, सावली-दमट राहिलं, की पुरे. पॅडवरची बुरशी ही द्राक्षाची भुरी अर्थातच नाही, पण त्याचं म्हणणं लागू पडलं. बॅग भरून ठेवायचीच नाही. सुट्टीत पॅड्स भिंतीपासून वीतभर दूर उभे, हेल्मेट उलटं, ग्लोव्हज सुटे. ओले कपडे वाळत घातलेल्या खोलीत नाही.

बुरशी दिसली तर कोरड्या ब्रशने घरात झटकू नका, बीजाणू सगळीकडे उडतात. बाहेर न्या, मास्क लावा, आधी ओल्या कापडाने टिपून घ्या, ते कापड फेका, मग पाणी आणि पांढरं व्हिनेगर निम्मं-निम्मं करून पुसा आणि पंख्याखाली पूर्ण वाळवा. फोममध्ये काळं उतरलेलं असेल आणि दोनदा करूनही परत येत असेल तर ती वस्तू गेली. आमचा थाय पॅड असाच गेला.

सिलिका जेलच्या पुड्या बंद कपाटात उपयोगी पडतात. निळे दाणे गुलाबी झाले की पाणी पिऊन झालं, तव्यावर मंद आचेवर गरम केले की पुन्हा निळे. ओल्या किटवर मात्र त्यांचा इलाज चालत नाही, त्या दमट हवेसाठी आहेत.

आता रोजचं एवढंच: घरी आली की बूट दारात वेगळ्या पिशवीत, बॅग गॅलरीत आडवी, चेन पूर्ण उघडी, इनर थेट बादलीत. पहिले पंधरा दिवस मी ओरडत होते. आता ती स्वतः करते, फक्त चेन अर्धीच उघडते. डाव्या कीपिंग ग्लोव्हच्या करंगळीत अजून थोडा वास आहे. तिथे कापड पोहोचत नाही. परवापासून ब्रशच्या दांडीला बनियनची पट्टी गुंडाळून बघतेय, काही फरक पडला तर खाली लिहीन.